तेलातली लापशी

कोल्हापुरात मटण सोडता येतं. त्याची रीत ठरलेली आहे. माणूस आषाढीला पंढरपूरला जाऊन येतो, गळ्यात तुळशीची माळ दिसते आणि पुढं कुणी काही विचारत नाही. 'माळकरी हाईत ते' एवढं म्हटलं की पंगतीत तांबडा-पांढरा रस्सा आपोआप त्याचं ताट ओलांडून पुढं सरकतो. बायको एक पातेलं वेगळं ठेवते, मित्र पार्टीत त्याच्यापुरतं पनीर सांगतात, आणि एकूण मान थोडा वाढतोच. दूध सोडायची मात्र या गावात काही रीत नाही. सोडणाऱ्याशी कसं वागायचं, त्याच्या ताटात काय वाढायचं, यातलं काहीच ठरलेलं नसल्यामुळं लोक आधी तब्येतीची चौकशी करतात.

मी दूध सोडलं. ओघानं दही, ताक, लोणी, तूप, चक्का, खवा, पनीर हेही गेलं. मटण, मासे, अंडी त्याआधीच गेली होती आणि मागाहून मधही गेला. पण त्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. जो काही गोंधळ झाला तो दुधाचाच.

गाव कुठलं ते लक्षात घ्या. इथं गंगावेशीत दूध कट्टा आहे. म्हशी तिथं येऊन उभ्या राहतात, गिऱ्हाईक ग्लास पुढं करतं, धार थेट ग्लासात पडते, आणि माणूस ते कोमट, फेसाळ दूध तिथंच उभ्यानं पिऊन ओठांवरची पांढरी मिशी पुसत घरी जातो. खासबागेचं कुस्तीचं मैदान शाहू महाराजांच्या काळातलं, १९१२ सालचं. तिथं घुमलेल्या पैलवानांच्या अंगातली ताकद दुधाची आणि बदाम घोटलेल्या थंडाईची होती, यावर इथल्या माणसाचा जेवढा विश्वास आहे तेवढा डॉक्टरवर नाही. दिवाळीच्या पाडव्याला म्हशींची शिंगं रंगवून, मोरपिसं बांधून, गळ्यात घुंगरांच्या माळा घालून त्यांना मिरवतात. मालक मोटारसायकल पुढं पळवतो आणि म्हैस त्याच्या हाकेसरशी मागनं धावत सुटते. १९६३ साली इथं जिल्हा दूध संघ निघाला, त्याचं 'गोकुळ' आज मुंबई-पुण्याच्या चहात असतं. अशा गावात जन्मून पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं एका सकाळी "मला आजपासनं कोरा चहा" म्हणावं, हे जरा अतीच झालं.

कारण तसं किरकोळ होतं. मुलगी व्हेटर्नरीला आहे. ती सुट्टीत आली होती आणि सोप्यात येरझाऱ्या घालत पशुगणनेचे आकडे पाठ करत होती. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत देशात जवळजवळ अकरा कोटी म्हशी-रेडे मोजले गेले, त्यांत दहा कोटींच्या वर माद्या. ती आकडे म्हणून मोकळी झाली. माझा जन्म हिशेबाच्या नोकरीत गेलेला. ताळा जमला नाही की मला जेवण जात नाही. म्हैस व्यायली की टोणगा होण्याची शक्यता जेवढी, तेवढीच रेडी होण्याची. मग दहा कोटी माद्यांच्या बरोबरीनं जन्मलेले नर कुठं आहेत? वहीत ते एक कोटीसुद्धा भरत नव्हते.

"मग बाकीचे?" मी विचारलं.

"बाबा, टोणग्याचा उपयोग काय?" ती म्हणाली, आणि तिनं पान उलटलं.

उपयोग नाही, हे खरंच आहे. बैलाला ट्रॅक्टर येईपर्यंत निदान शेत तरी होतं. रेडीला पाजून वाढवतात, कारण पुढं ती दूध देणार. टोणग्याला पाजलेलं दूध म्हणजे बिलातनं वजा झालेलं दूध. काही अर्धपोटी मरतात, काही बाजाराची वाट धरतात. रेडकू मेलं की म्हैस पान्हा चोरते. मग त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढं उभं करायचं, ही युक्तीही जुनीच आहे. आजोळच्या गोठ्यात मी ती लहानपणी पाहिली होती. म्हैस पेंढ्याला चाटत होती आणि मामा धार काढत होता. तेव्हा मला ते खेळणं वाटलं होतं आणि मी ते खेळायला मागितलंही होतं.

लगेच मी काही सोडलं नाही. नुसता चहाचा कप हातात आला की तो न जमलेला ताळा आठवायचा. असं बरेच दिवस चाललं आणि मग ती कोऱ्या चहाची सकाळ उजाडली. जिच्यामुळं हे सगळं झालं ती मुलगी आजही दुधाचा चहा पिते आणि आम्रखंडाचा डबा बोटानं चाटूनपुसून ठेवते. "मी फक्त आकडे सांगितले," असं तिचं म्हणणं आहे.

पहिली गाठ पडली गवळ्याशी. घरातली बाकीची माणसं दूध पिणारच होती, त्यामुळं रतीब बंद करायचा प्रश्न नव्हता. फक्त अर्धा लिटर कमी करायचं होतं. दारात उभा राहून मी तसं सांगितलं. त्यानं किटली खाली ठेवली.

"दुसऱ्याकडनं घ्याय लागलाय व्हय?"

"नाही हो."

"पाणी लागलं का दुधाला? खरं सांगा, मालक."

"दूध चांगलं आहे. मीच सोडलंय."

तो गंभीर झाला. आवाज खाली आणून म्हणाला, "शुगर?"

"नाही."

"मग ते... कोलेस्टेरॉल?"

टोणग्याचा ताळा दारात उभ्यानं समजावून सांगण्यासारखा नव्हता, आणि तोही त्या ताळ्यातल्याच एका रकान्यात उभा होता. मी म्हटलं, तसंच समजा. त्याचा चेहरा सुटला. दुसऱ्या दिवशी त्यानं अर्धा लिटर कमी न करता उलट वर थोडं जास्तच घातलं आणि पैसे नको म्हणाला. "वहिनींना सांगा, आजारी माणसाच्या घरात दूध कमी पडू ने."

आईचं प्रकरण याहून अवघड. तिच्या लेखी जेवण सुरू होतं ते तूप पडल्यावर. भाताच्या मुदीवर वरण, वरणावर तूप, म्हणजे अन्नशुद्धी झाली. ज्या भातावर तूप पडलं नाही तो भात अजून शिजतोय असंच ती धरून चालते. मी ताटावर आडवा हात धरला. तिनं हातावरच तूप सोडलं.

"आई, अगं!"

"हात काढ मग. मी काय इख वाढाय लागलोय व्हय?"

तिथं माझ्या लक्षात आलं की ही भानगड पोटाची नाहीच. कारल्याची भाजी नको म्हटलं तर कुणी मनाला लावून घेत नाही, कारण कारल्यात कुणी माया घातलेली नसते. तुपात असते. परीक्षेला निघालेल्या पोराच्या हातावर दही-साखर पडते. माहेरहून परतणाऱ्या लेकीच्या पिशवीत लोणकढ्या तुपाची बरणी जाते. बाळंतिणीला तुपातला डिंकाचा लाडू, धाकट्याला चोरून जास्तीची साय, दारात आलेल्याला आधी चहा. आमच्याकडं तोंडानं 'तू मला आवडतोस' म्हणायची पद्धत नाही. एवढी मोठी गोष्ट बोलायला माणसांना दुभत्याची मदत लागते. त्यातलं काहीच घेणार नाही म्हणणारा माणूस म्हणजे समोरच्याचं बोलणंच ऐकून घेत नाही, असं होतं. यावर आहारशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात उपाय नाही.

खायची म्हणाल तर अडचण फारशी आलीच नाही. घरात हिशेब मांडून बघितला तर आपण निम्मं-अर्धं आयुष्य न सांगताच असलं जेवतो. पिठलं-भाकरी, खर्डा, वांग्याचं भरीत, मटकीची उसळ, शेंगदाण्याची चटणी, कट वडा. मिसळीत दूध-दुभतं नाही; तिच्यावर दही घालायची कल्पना पुण्याची, ती त्यांनाच लखलाभ. आमचा गूळही पास झाला, कारण गुऱ्हाळात रस उकळताना मळी वर काढायला लागतो तो भेंडीचा चीक. पांढऱ्या रश्शातनं मटण उठून गेलं तरी नारळाचं दूध, खसखस आणि तीळ जागेवरच राहतात. एका मित्राला मी तसा रस्सा पाजला. त्यानं वाटी संपवली, दुसरी घेतली आणि म्हणाला, "भावा, चांगला झालाय. पण याला पांढरा रस्सा म्हणू नको."

खरा फायदा झाला तो बायकोचा. ती कुडाळची. लग्न होऊन घाटावर आल्यापासून तिच्या नारळाची बाजू या घरात कायम पडती राहिली होती. इथं म्हशीचं राज्य. माझा निर्णय ऐकून ती काहीच बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी माहेरहून नारळांचं पोतं मागवलं. मग एकेक बाहेर निघू लागलं. गुळानं गोड केलेल्या नारळाच्या रसातले तांदळाचे शिरवाळे. जेवणानंतर ताकाच्या जागी सोलकढी. तिच्या गोव्यातल्या मावशीकडून आलेलं मणगणं, म्हणजे हरभऱ्याची डाळ, गूळ, नारळाचा रस आणि काजू. सणाचं पक्वान्न, आणि त्यात गाई-म्हशीचा कुठं संबंध नाही. "आमच्याकडं हे असंच असतं," असं ती प्रत्येक वेळी म्हणते. त्या 'असंच'मध्ये वर्षानुवर्षांची थकबाकी असते आणि ती व्याजासकट वसूल होताना मी मुकाट्यानं दुसरी वाढ घेतो.

चहा मात्र कुणाच्यानं जमला नाही. नारळाचं दूध घातलं तर चहा आणि सोलकढी यांचं भांडण लागल्याची चव येते. सोयाबीनचं दूध कपात पडल्या पडल्या फाटतं. आलं जास्त असेल तर अजून लवकर. बदामाचं दूध फाटत नाही, खिसा फाडतं. ओटचं दूध डब्यात मिळतं, बरं लागतं, पण त्याची किंमत बघून बायको म्हणाली, एवढ्यात तर म्हशीला महिनाभर पेंड येईल. शेंगदाण्याचं घालून बघितलं, तर चहाला लोणावळ्याच्या चिक्कीचा वास. शेवटी गवती चहा आणि आलं घातलेल्या कोऱ्या चहावर मी समझोता केला. त्यातही नाक्यावरच्या गाडेवाल्याचा वेगळाच पेच. बिनदुधाचा चहा त्याच पैशात द्यायचा तर त्याचं मन खातं, कमी पैशात द्यायचा तर धंदा मोडतो. त्यानं दोन्हींतला मार्ग काढला: पूर्ण पैसे घेतो आणि कप काठोकाठ भरून देतो.

शेंगदाण्याच्या दह्याबद्दल मात्र मला थोडा गर्व आहे. शेंगदाणे रात्रभर भिजवायचे, वाटायचे, फडक्यातनं दूध पिळून काढायचं, उकळायचं आणि कोमट झालं की त्यात हिरव्या मिरच्यांचे देठ टाकून उबेला ठेवायचं. देठांवर दही लावणारे जंतू मुळातच असतात, ते आपलं काम करतात. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं दोनदा बघितलं. सकाळी भांड्यावरचं झाकण काढून, एक बोट बुडवून, चाखून, तोंड न हलवता ती म्हणाली, "आंबट हाय." आईच्या कोशात दह्याला याहून मोठी पदवी नाही. त्या दिवशी काकडीची कोशिंबीर तिनं त्यातच केली, फक्त फोडणी स्वतःची घातली, तुपाची. म्हणजे मला ती खाता आली नाही.

डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि बी-१२ची गोळी चालू केली. हे जीवनसत्त्व झाडपाल्यातनं मिळत नाही. असलं खाणं स्वीकारणाऱ्यानं गोळी घ्यावी लागते, त्यात हयगय चालत नाही. कॅल्शियमला नाचणी आणि तीळ आहेत; वजनाला वजन धरलं तर नाचणीत ते दुधापेक्षा जास्तच. आईनं यातलं फक्त पहिलं वाक्य उचललं. "म्हंजे दूध नको, पण गोळी चालती." मी तिला सांगितलं, इंग्लंडात डोनाल्ड वॉटसन म्हणून एक सुतारकाम शिकवणारा मास्तर होता, त्यानं १९४४ साली व्हीगन लोकांची पहिली संस्था काढली आणि तो पंचाण्णव वर्षांचा होऊन गेला. आई म्हणाली, "तुझा आजा शहाण्णवचा हून गेला. रोज तांब्याभर दूध." तपशिलात एक वर्षाचा फरक होता, पण तो तिच्या बाजूचा होता.

शेजारच्यांचा सत्यनारायण मला आधीपासूनच कठीण जाणार हे दिसत होतं. तीर्थ म्हणून पंचामृत, म्हणजे दूध, दही, तूप, मध आणि साखर. पाचांतली फक्त साखर माझी. प्रसादाचा शिरा सव्वाच्या मापानं, तुपात भाजलेला, दुधात शिजवलेला. आणि हे नाकारायचं कुठं, तर ज्या कथेत प्रसाद टाकणाऱ्यांची यादीच वाचून दाखवतात तिथं. कलावती प्रसाद सोडून नवऱ्याकडं धावली, नवऱ्यासकट नाव बुडाली. तुंगध्वज राजानं प्रसाद टाकला, त्याची शंभर मुलं गेली. आणि तो प्रसाद त्याला दिला होता कुणी, तर गवळ्यांनी. पाचवा अध्याय चालू असताना मला उगाच आमचा गवळी आठवत होता. मी द्रोण कपाळाला लावला आणि झाकून घरी आणला. आईनं तो माझ्या हातातनं घेतला. "तुझ्या वतीनं मी खातो. तुझी नाव बुडायची न्हाई."

हीच आई वसुबारसेला माझ्या पंगतीत येऊन बसते. त्या दिवशी तिचा उपास. सवत्स गाईची पूजा करायची. दूध, दही, तूप काही तोंडात घालायचं नाही, गहू-मूगही नाही. संध्याकाळी बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. आपल्याकडं कितीतरी घरांत बायका पिढ्यान्‌पिढ्या हे करत आल्या आहेत. मी ते जन्मापासनं बघत होतो. पण त्या वर्षी माझ्या आणि तिच्या ताटात शब्दशः तेच पदार्थ होते.

"आई, आज तू माझ्यासारखीच."

"माझा उपास हाय. तुझं खूळ हाय."

"पण दूध का नाही घ्यायचं आज?"

"आजचा दिस वासराचा. आजचं दूध त्याचं."

"आणि उद्याचं?"

तिनं माझ्याकडं दयेनं बघितलं. "उद्या धनतेरस," ती म्हणाली.

एवढं सगळं हसण्यावारी नेता येतं. राधानगरीकडच्या मावसबहिणीच्या दारात मात्र माझं सगळं शहाणपण अंगणातच थांबतं. तिच्याकडं दोन म्हशी. पहाटे उठून शेण काढायचं, वैरण, आंबोण, धार, डेअरीच्या रांगेत उभं राहून फॅट लावून घ्यायची. उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा आणि देईल तसं, आणि तेही दाजींच्या नावावर. दुधाचं बिल मात्र दर दहा दिवसांनी, आणि ते तिच्या खात्यावर. पोरांच्या फिया, तिच्या बांगड्या, सासूच्या गोळ्या त्यातनंच. तिनं आयुष्यात जो काही पैसा स्वतःच्या हातानं मोजला तो म्हशींनी दिलेला. तिला मी टोणग्यांचे आकडे काय सांगणार?

पण तिनंच विचारलं. चहा नको म्हटल्यावर कारण तर सांगावं लागलं.

"सगळ्यांनी असं सोडल्यावर आमचं काय व्हायचं, दादा?"

"सगळे कुठं सोडतायत, ताई."

"मग तू एकट्यानं सोडून काय व्हणार?"

दोन वाक्यांत तिनं मला दोन्ही बाजूंनी बांधून टाकलं. सगळ्यांनी सोडलं तर तिचं वाटोळं, एकट्यानं सोडलं तर कुणाचं काहीच नाही. या दोन्हींच्या मधे जी काही चिंचोळी जागा उरते तिथं मी सध्या राहतो. सरकारी अनुदान, दुसरा जोडधंदा, असली उत्तरं मला वाचून माहीत आहेत. पण तिच्या अंगणात बसून ती तोंडातनं फुटत नाहीत, आणि फुटू नयेतही. उठताना मी गोठ्याकडं बघितलं. एक छोटं रेडकू खुंट्याला होतं. सहज विचारलं, याचं नाव काय? म्हशींची नावं होती, चंद्री आणि गुणी.

"टोणग्याचं नाव ठेवायचं न्हाई," ती म्हणाली. "मग जाताना तरास व्हत न्हाई."

म्हणजे तिला ताळा ठाऊक होता. माझ्याआधी, माझ्यापेक्षा नीट, आणि कुठल्या वहीशिवाय. निघताना तिनं पिशवीत ओल्या भुईमुगाच्या शेंगा भरून दिल्या. पूर्वी त्या जागी लोण्याचा डबा असायचा. पिशवीचं वजन मात्र तिनं कमी होऊ दिलं नाही.

पायातल्या चपलांचा विषय मी टाळत होतो, पण तो टाळून कोल्हापूरचा निबंध पुरा होणार नाही. नवं चामडं घ्यायचं नाही हे ठरलं. जुन्या चपला टाकायच्या की झिजेपर्यंत वापरायच्या, यावर आमच्यासारख्यांत दोन तट आहेत. मी वापरणाऱ्यांतला. दुकानदार माझी समजूत काढत होता की यात केमिकल अजिबात नाही, बाभळीची साल आणि हिरड्याच्या पाण्यात कमावलेलं कातडं, सगळं वनस्पतीचं. कातडं सोडून सगळं, हे खरंच आहे. आई त्या चपला उंबऱ्याशी बघते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणते, "ह्याला पायात म्हस चालती, चहात चालत न्हाई."

गेल्या आठवड्यात तिनं नवा डाव टाकला. जेवताना सहज बोलल्यासारखं म्हणाली, "गांधीबाबा शेळीचं दूध प्यायचा."

"हो."

"मग तुला काय झालं? गवळ्याच्या मेव्हण्याकडं शेळ्या हाईत. मी इचारून ठेवलंय."

इतकी तयारी बघून मला तिला सगळी गोष्ट सांगणं भाग पडलं. गांधीजींनी १९१२ साली आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर, कॅलनबाख या मित्राबरोबर दूध सोडलं. गाई-म्हशींकडून शेवटचा थेंब काढायला गवळी जे अघोरी प्रकार करत ते कळल्यावर तर त्यांना दुधाची शिसारीच बसली आणि त्यांनी व्रत घेतलं. १९१८ साली ते खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी वणवण फिरत होते, आणि खाणं काय, तर मुख्यतः शेंगदाण्याचं वाटण आणि लिंबं. पोट आधीच बिघडलेलं. त्यात एक सण आला. ते आश्रमात गेले. आज काही खाणार नाही असं त्यांनी कस्तुरबांना सांगितलं होतं. पण बांनी त्यांच्यासाठी गव्हाची गोड लापशी करून ठेवली होती. तुपाचं व्रत म्हणून त्यांच्यापुरती मुद्दाम तेलात केलेली. बरोबर वाटीभर मूगही. गांधीजींना मोह झाला आणि ते पोटभर जेवले. तासाभरात दुखणं बळावलं, आणि पुढं ते इतकं वाढलं की आता आपण जगत नाही अशी त्यांची खात्री झाली. मुंबईत डॉक्टर म्हणाले, दूध घेतल्याशिवाय अंग भरणार नाही. व्रत आडवं आलं. तेव्हा बाच म्हणाल्या, व्रत गाई-म्हशीच्या दुधाचं आहे ना, मग शेळीचं घ्यायला काय हरकत? गांधीजींनी ते घेतलं. व्रताचा शब्द राहिला आणि आत्मा गेला, ही बोच त्यांनी पुढं स्वतःच आत्मकथेत मांडून ठेवली.

"म्हणून शेळीचं नको," मी म्हटलं. "त्यांनाही ते मनापासून पटलेलं नव्हतं."

आईचं लक्ष शेळीत नव्हतंच.

"तेलात केली? लापशी?"

"हो."

"गव्हाची?"

"गव्हाची."

"आणि ती खाल्ल्यावर तासाभरात पडला आजारी?"

"अगं, पोट आधीपासूनच बिघडलेलं होतं. आणि जेवण जास्त झालं, असं त्यांनीच लिहिलंय."

"ते ऱ्हाऊ दे. लापशी खाल्ल्यावरच पडला न्हवं?"

"...हो."

आईनं तुपाची वाटी स्वतःच्या पानाकडं ओढली आणि भातावर सढळ हातानं धार सोडली.

"घातलं असतं तूप," ती म्हणाली, "तर पडला नसता."